सकाळचे नमुने

अभिनंदन तिला जिन्यात मिळालं. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि वरून उतरणाऱ्या ग्रंथपालबाई कठड्याला टेकून वाट अडवून उभ्या. "काय हो, पार्टी कधी? पेपर स्वीकारला म्हणे तुमचा! आणि आम्हाला मात्र दुसऱ्यांकडून कळतंय." ग्रंथपालबाई दिवसभर लोकांना 'हळू बोला' म्हणून सांगत आणि त्याची सगळी भरपाई जिन्यात करून घेत. वरच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं. ती हसली. "हो ना," म्हणाली. कोणता पेपर हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायला बोलण्यात जी थोडीशी फट लागते ती ग्रंथपालबाईंनी ठेवली नव्हती; तिचा दंड दाबून त्या खाली गेल्यासुद्धा. उरलेल्या पायऱ्या चढताना ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच होतं. चुकून दुसऱ्याची चप्पल पायात घातली तर ती जशी चालता चालता कळते, तसं ते तिला चालता चालता कळलं.

तिसऱ्या मजल्यावर वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह होता. लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत कागद, कागदांवर चिकटवलेली झाडं, आणि सगळ्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास, जो तिच्या साड्यांनाही येत असे आणि ज्याबद्दल घरी कोणी आता काही बोलत नसे. तिचं टेबल दोन रांगांच्या मधे, खिडकीपाशी. तिने डबा ठेवला, संगणक सुरू केला. नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र सर्वांत वर होतं. लेख स्वीकारला असल्याचं कळवण्यास आनंद होतो. लेखक तीन: पहिले संचालक, दुसरा तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतला जनुकं तपासणारा, तिसरी ती. मथळा लांबलचक होता, पण त्याचा मथितार्थ एका वाक्यात मावत होता: आजवर ज्या दोन जाती वेगळ्या मानल्या जात, त्या वेगळ्या नाहीत. थोरली आणि धाकटी एकच. धाकटीचं नाव यापुढे वापरू नये.

राग लगेच आला नाही. आधी कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग तिने मथळा पुन्हा वाचला, आपलं नाव पुन्हा वाचलं, नावाखाली संस्थेचा पत्ता, पत्त्याचा पिनकोड बरोबर आहे का तेही पाहिलं, आणि तो बरोबर आहे म्हटल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चोराने घर फोडावं आणि जाताना दारावरची पाटी पुसून लख्ख करावी, तसं तिचं नाव तिथे नीट, सगळ्या आद्याक्षरांसह लिहिलेलं होतं.

थोरली आणि धाकटी ही नावं तिला झाडं ओळखायला शिकवणाऱ्या बाईंनी ठेवली होती. शास्त्रीय नावं होतीच, पण डोंगरउतारावर गुडघे टेकून बसल्यावर लॅटिन कोण बोलतं? शहर जिथे संपतं तिथे पाण्याच्या टाक्यांच्या मागे एक खडकाळ उतार होता. त्याच्या गवतात ही दोन्ही झाडं एकमेकांत मिसळून उगवत. वीतभर उंच, पानं बोटाच्या पेरापेक्षा लहान, फूल फिकट जांभळं, शर्टाच्या गुंडीएवढं. थोरलीचं नाव जुनं, पुस्तकातलं. धाकटी बाईंनी वेगळी काढली होती. एवढ्या आयुष्यात बाईंनी नवी म्हणून जगापुढे ठेवलेली ही एकच वनस्पती. पुस्तकं त्यांनी लिहिली नाहीत, परिषदांना गेल्या नाहीत; निवृत्तीनंतर आल्या तशा पिशवी घेऊन निघून गेल्या, आणि नंतर वारल्या तेव्हा संस्थेच्या फलकावर दोन ओळी लागल्या, त्यातही एक शब्द चुकलेला. पण धाकटीच्या शास्त्रीय नावापुढे बाईंचं नाव लागत असे, जसं नवी जात शोधणाऱ्याचं लागतं तसं, आणि ती जेव्हा जेव्हा ते लिही तेव्हा तिला वाटे की बाई पलीकडच्या टेबलाशी भिंग पुसत बसल्या आहेत.

पहिल्यांदा तिला उतारावर नेलं तेव्हा बाईंनी एक काडी उजव्या हातात दिली, एक डाव्या. "सांग फरक." तिने पानं पाहिली, पाकळ्या पाहिल्या, देठ मोजले. "एकच आहेत," ती म्हणाली. "डोळे आहेत की गुंड्या?" बाई म्हणाल्या. "बरं, डोळ्यांचं राहू दे. ओठावरून फिरव." तिला वाटलं चेष्टा आहे. बाईंनी स्वतः एक काडी खालच्या ओठावरून बुडख्याकडून शेंड्याकडे ओढून दाखवली, डोळे मिटून, जशी एखादी बाई सुईत दोरा ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत धरते. खोडावर लव असते. थोरलीची लव खाली वळलेली, धाकटीची वर. बोटांच्या कातडीला ते कळत नाही, बोटांनी फार कामं केलेली असतात. ओठाला कळतं. एक काडी रेशमासारखी सरकून गेली, दुसरी अडली. अगदी बारीक अडली, मांजराच्या जिभेच्या टोकासारखी. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती ओठ दाताखाली धरून होती. दोन गोष्टी होत्या. मघाशी एक होती, आता दोन होत्या, आणि त्या आधीही दोनच होत्या. जगात कोणीतरी गुपचूप एक भिंत सरकवून मागची खोली दाखवावी, तसं काहीतरी तिला झालं होतं, आणि हे कोणाला सांगितलं तर 'बरं मग?' असं विचारतील, हेही तिला तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी उतारावर तिसरा माणूस होता. तिच्याहून काही वर्षांनी पुढे असलेला, बाईंचाच विद्यार्थी, झुपकेदार मिशीचा. बाईंनी त्यालाही काड्या दिल्या. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई, माझ्या तोंडावर आधीच इतकी लव आहे, झाडाची कुठून कळणार?" बाईसुद्धा हसल्या. काड्या त्याने खिशात टाकल्या. तो आता संचालक होता.

झाडं ओळखणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. काहींना दोन झाडं दिली की त्यांच्यातलं साम्य दिसतं, काहींना फरक. पहिले जोडत जातात, दुसरे तोडत. वाळलेली झाडं कागदावर चिकटवायला डिंक लागतो, म्हणून विद्यार्थी संचालकांना मागून डिंकसर म्हणत. आणि तिला कात्रीबाई. दोघांनाही ते ठाऊक होतं. डिंकसर तर सभेत स्वतःच म्हणत, "आमच्या कात्रीला विचारा, ती एका झाडाची चार करून देईल." सगळे हसत, तीही हसे. किती हसली होती ती आजवर! घरी पाहुण्यांपुढे नवरा म्हणे, "आमच्या हिला दोन हिरवी पानं दिली की दिवसभर कटकट नाही." नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, माणूस मनाने वाईट नव्हता, पाहुण्यांना पाणी तोच आणून देई, पण त्या एका संध्याकाळी तेच वाक्य, तेच हसणं, आणि कोपऱ्यात बसलेली चिमणी, त्यांची मुलगी, तीही बापाबरोबर हसली. चिमणी तेव्हा शाळेत होती. तिच्या हसण्यात काही नव्हतं, मुलं सगळे हसले की हसतात. तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही चिमणीची आई सकाळीच घरातून निघाली, कोणाला काही न सांगता. उतारावर गेली. काम असं काही नव्हतं. नेहमी सकाळी जायचं, दवात भिजलेले ताजे नमुने घ्यायचे, ऊन चढायच्या आत कागदात दाबायचे आणि परतायचं, ही रीत. बाईंची हीच, सगळ्यांची हीच. त्या दिवशी ती नुसती बसून राहिली. रागाने माणूस काय काय करतं, ती बसून राहिली. दुपार झाली. थोरलीची फुलं एकेक करून मिटली. ती उठली नाही. घरी जायचं नव्हतं, म्हणून उठली नाही. उन्हं कलली आणि तिच्या पायांशी, जिथे सकाळपासून सुकलेल्या कळ्या आहेत असं समजून तिने पाहिलंही नव्हतं, तिथे एक फूल उमललं. मग बाजूचं. मग उताराच्या खालच्या अंगाला, मग सगळीकडे. तिने काडी तोडून ओठावर धरली. धाकटी. सगळ्या धाकट्या.

बाईंनाही हे माहीत नव्हतं. बाई तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. घरी आली तेव्हा नवऱ्याने ताट झाकून ठेवलं होतं आणि चिमणीच्या गणवेशाला तो इस्त्री करत होता. "कुठे होतीस" असं त्याने विचारलं नाही, ही त्याची माफी होती. तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि "बरं मग?" हा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिने जेवून घेतलं. सोमवारी मात्र डिंकसरांना सांगितलं. ते सह्या करत होते. "वा, वा," ते म्हणाले. "दुपारनंतर? वा." आणि पान उलटून पुढची सही केली.

आता तिने पेपर उघडला आणि ओळ न ओळ वाचायला घेतला. तिच्याच नकाशावरून जागा घेतल्या होत्या. तो नकाशा तिने प्रयोगशाळेतल्या मुलाला दिला होता, कारण त्याने नीट मागितला होता. नमुने फुलावर असलेल्याच झाडांचे घेतले, म्हणजे ओळख पक्की राहील. जनुकीय तपासणीत दोन्ही जातींत फरक आढळला नाही. लव हे लक्षण वयानुसार व दाबताना बदलणारे, भरवशाचे नाही. मग पद्धती या भागातलं एक साधं वाक्य, जे वाचणाऱ्यांपैकी कोणी वाचत नाही: सर्व नमुने सकाळी, ऊन चढण्यापूर्वी गोळा केले.

तिने ते वाक्य परत वाचलं. मग खुर्ची मागे सारून उठली, जुडग्यातली किल्ली शोधली आणि पेपरसाठी जमा केलेल्या नमुन्यांचा गठ्ठा काढून तिने खिडकीपाशी आणला. ताजे होते, एका हंगामाचे, लव अजून झडलेली नव्हती. भिंगाखाली पहिला कागद: चिठ्ठीवर थोरली, लव खाली. दुसरा: थोरली, खाली. मग चिठ्ठीवर धाकटी लिहिलेला एक: लव खाली. पुढचा धाकटी: खाली. ती पाहत गेली. गठ्ठा संपला तेव्हा दुपार होऊन गेली होती. धाकटीच्या नावाने आणलेली सगळीच्या सगळी थोरलीच होती. सकाळी गेले, फूल दिसलं ते तोडलं. नकाशावर धाकटीची जागा म्हणून खूण होती, त्या जागेवर जे उमललेलं सापडलं त्याला धाकटी म्हटलं. धाकटी त्यांच्या बुटांखाली मिटून पडली होती. थोरलीची थोरलीशी तुलना करून त्यांनी सिद्ध केलं होतं की थोरली आणि थोरली एकच आहेत. आणि त्याखाली तिचं नाव.

फोन वाजला. नवरा. "अगं, ग्रंथपालबाईंचे यजमान भेटले लिफ्टच्या कामावर. अभिनंदन! पेढे आणू?" तिने सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांत सांगितलं, जितकं नीट सांगता येईल तितकं. तो ऐकत होता, ऐकत असताना तो नाकाने श्वास सोडतो तसा सोडत होता. "म्हणजे चूक त्यांची आहे."

"हो."

"आणि नाव तुझंही आहे."

"हो ना."

"मग तुझं काय गेलं? नाव आहे ना? नसतं तर भांडली असतीस ते समजू शकलो असतो."

तिने फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. आपटण्याची सवय नसलेल्या माणसाला रागातही ती लगेच लागत नाही.

गठ्ठा घेऊन ती संचालकांच्या खोलीपाशी गेली; दार अर्धं उघडं होतं. ते चष्मा कपाळावर चढवून फोनवर काही वाचत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा खुलला, खराच खुलला, हीच तर अडचण होती. "ये, ये, कात्री! अगं, तुझ्यामुळे झालं हे. तुझा नकाशा नसता तर पोरगा उतारावर हरवून गेला असता."

"माझं नाव तुम्ही मला न विचारता घातलंत."

"न विचारता? मसुदा पाठवला होता की. दोनदा. तू काही बोलली नाहीस. मौन म्हणजे संमती."

तो मसुदा आला असणार. त्यांच्या पत्रांना जुन्या पत्रांच्या लांबच्या लांब शेपट्या असत, तिला ती पाहूनच कंटाळा येई, आणि अलीकडे तर त्यांचं नाव दिसलं की ती ते पत्र न उघडता खाली ढकलत असे. एक प्रकारचा सूड. ज्याच्यावर सूड उगवला त्याला पत्ताही नसलेला. आता तो तिच्याच गळ्यात आला होता. हा राग तिला स्वतःचा आला, तोंडात लोखंडासारखी चव आली, आणि तो गिळून तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. सांगितलं. यावेळी ते सह्या करत नव्हते. त्यांनी भिंग घेतलं, पाहिलं, दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहायचं सोडून दिलं.

"सकाळी गेलात," ती म्हणाली. "धाकटी सकाळी उमलत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही 'वा, वा' म्हणाला होतात."

ते हसू लागले, पोट हलेपर्यंत. "अगं, मी सगळ्यालाच 'वा, वा' म्हणतो! घरी विचार. बायकोने सांगितलं गॅस संपला, मी म्हटलं वा, वा." तिला हसू आलं नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते आणण्याचा प्रयत्नही केला नाही. ते थांबले. त्यांनी मिशी चिमटीत धरली. "बरं. उमलते दुपारनंतर, असं तुझं म्हणणं. दाखव. आत्ता चल. गाडी आहे."

तिला वाटलं नव्हतं ते असं म्हणतील. माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं, असं गाडीत बसताना तिच्या मनात आलं. त्यांनी स्वतः गाडी चालवली. रस्ताभर ते गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलत होते. उंच पायऱ्या चढू नका म्हणतो डॉक्टर, आता संस्थेला लिफ्ट नाही तर काय करू, तुझ्या नवऱ्याला सांग ना फुकटात बसवायला. ती खिडकीबाहेर पाहत होती. नव्या इमारती, त्यांच्यामधले राडारोड्याचे ढीग, ढिगांवर उगवलेलं रान. दुभाजकावर लावलेल्या सारख्या उंचीच्या सारख्या झुडपांच्या रांगा. ढग आले होते. हे तिच्या लक्षात टाक्यांपाशी उतरल्यावर आलं.

उतार हिरवा होता. थोरली मिटलेली. धाकटीही मिटलेली. घड्याळात वेळ झाली होती, पण झाडाकडे घड्याळ नसतं, त्याला ऊन लागतं. ती एका खडकावर बसली, ते दुसऱ्यावर, हळूच, गुडघा हाताने धरून. वारा गवतावरून एका अंगाने येई. थांबलो तर उघडतील, असं तिने मनात म्हटलं, आणि आपण झाडांना विनवतो आहोत हे कळून तिला झाडांचाही राग आला. इतकी वर्षं तुमच्यासाठी, आणि आज एक दिवस... खाली टाकीवरचा पहारेकरी रेडिओ ऐकत होता. डिंकसरांनी खिशातून शेंगदाणे काढले, पुढे केले. तिने घेतले नाहीत. बराच वेळ गेला.

"आपलेच दात आपलेच ओठ," ते शेवटी म्हणाले. "भांडून कुठे जाणार आपण? चल, पाऊस येईल."

'ओठ' ऐकून नव्हे, त्यांच्या उठण्याने ती हलली. त्यांचं उठणं, पँट झटकणं. बघितलं, आता झालं, असं ते झटकणं. ती वाकली, एक काडी तोडली, चार पावलं जाऊन दुसरी तोडली, आणि त्यांच्यापुढे धरली. "ओठावरून फिरवा."

"अगं, काय पोरकटपणा..."

"बाईंनी दिली होती तेव्हा खिशात टाकलीत. आता फिरवा. बुडख्याकडून शेंड्याकडे. मिशी वर करा."

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पहारेकरी पाठमोरा होता. मग एका हाताने त्यांनी मिशी वर दाबून धरली, काडी ओठाला लावली, ओढली. पहिली सरकून गेली. दुसरी ओढताना त्यांचे डोळे आपोआप मिटले, आणि मधेच हात थांबला. त्यांनी ती पुन्हा मागे घेऊन परत ओढली. मग पहिली. मग दुसरी. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर तिला क्षणभर तो झुपकेदार मिशीचा मुलगा दिसला, ज्याला बाईंनी जवळ बोलावलं होतं आणि जो लाजला होता. तो लाजला होता. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

"अडते," ते म्हणाले. "च्यायला. अडते की गं."



त्यांनी दोन्ही काड्या तळहातावर ठेवल्या, बघत राहिले. "म्हणजे बाई बरोबर होत्या. दोन आहेत." मग श्वास सोडून, समजावणीच्या सुरात, जसं घरातल्या माणसाशी बोलतात तसं: "पण हे बघ. पेपर स्वीकारलाय. आता मागे घेतला तर संस्थेचं हसं होईल, त्या पोराची नोकरी कायम व्हायची आहे, तिला फटका बसेल. छापून येऊ दे. पुढच्या वर्षी तू तुझा वेगळा पेपर लिही: दोन आहेत म्हणून. दुपारच्या फुलांचा. मीच शिफारस करतो. एकाचे दोन पेपर होतील, दोघांचं भलं."

"आणि तोवर?"

"तोवर काय? झाड कुठे पळून जातंय?"

तिला इतकी वर्षं वाटत होतं की या लोकांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते हसतात, 'वा, वा' म्हणतात, पाहुण्यांपुढे विनोद करतात. ज्याला दिसत नाही त्याच्यावरचा राग ती नेहमी अर्ध्यावर सोडून देत आली होती, आंधळ्यावर कोण रागावतं, दाखवून देऊ, एक दिवस दाखवून देऊ. सगळं आयुष्य त्या एका दिवसासाठी ठेवून दिलं होतं. आणि आता त्याला दिसलं होतं. त्याच्या ओठाला कळलं होतं. आणि काही झालं नव्हतं. जुना राग घशापाशी असे, गरम, त्यात थोडी आशा मिसळलेली. हा तिथे नव्हता. हा खाली होता, गार, आणि त्यात कोणाला काही पटवून द्यायची इच्छा नव्हती. बाहेरून दोन्ही सारखेच दिसले असते. समोरच्या माणसाला तर एकच वाटत असणार, कात्री चिडली आहे, निवळेल. तिने तो नीट, न घाबरता, तपासून पाहिला. नाही, हा वेगळा.

तिने फोन काढला. संपादकांचं सकाळचं पत्र शोधलं आणि उत्तर लिहायला घेतलं. लेखकांच्या यादीतून माझं नाव काढावं. या लेखात धाकटीचा एकही नमुना नाही. सर्व नमुने सकाळी घेतले आहेत आणि ती सकाळी उमलत नाही. नमुने आमच्या संग्रहात आहेत, कोणीही येऊन पाहू शकेल. खाली तिने आपलं नाव लिहिलं, सगळ्या आद्याक्षरांसह.

"काय करतेयस?" ते खांद्यावरून वाकून वाचत होते. "अगं, एक मिनिट. एक मिनिट, ऐक माझं. हे गेलं ना, तर कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे राहतील याचाही विचार कर." हे ते धमकीसारखं म्हणाले नाहीत. खेदाने म्हणाले, आधीच घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं.

तिने पत्र पाठवलं. मग पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या हातात, काड्यांच्या शेजारी ठेवला.

ते गाडीपर्यंत गेले. आत बसले. काच खाली करून त्यांनी हाक मारली, "चल आता, पोहोचवतो घरी. रागाच्या भरात बसची वाट बघत बसू नकोस." ती जागेवरून हलली नाही. त्यांनी गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. "लोक विचारतील, तुझं नाव का नाही. काय सांगू मी?"

"सांगा, सकाळी गेलो होतो."

काच वर गेली. गाडी टाक्यांना वळसा घालून दिसेनाशी झाली. पहारेकऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला. तिचे हात थरथरत होते. तिने ते समोर धरून पाहिले, मग खाली बसून मिटलेल्या फुलांपैकी एकाच्या बुडाशी बोटं खुपसली आणि माती सैल करायला लागली. धाकटीचा नमुना मुळासकट घ्यायचा होता, मूळ तुटू न देता, आणि त्याला थरथर चालत नाही. म्हणून हळूहळू थरथर थांबली. राग थांबला नाही.